उजव्या खांद्यामागे

माझी मान उजवीकडे वळत नाही ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. आधी ती माझ्या नववीच्या वर्गाला कळली, मग एका टेम्पोवाल्याला, मग आमच्या ह्यांना. मान माझी, पण मला विचारतंय कोण!

टेम्पोवाल्याला कळली ती अशी. मी मराठीची शिक्षिका. मूळची दापोलीकडची, नोकरी लागली म्हणून सिल्वासाला आले. इथे सगळे सेलवास म्हणतात, एव्हाना मीही म्हणते. घर गावात आणि शाळा किलवणीच्या बाजूला, त्यामुळे मधला रस्ता रोज स्कूटरने. स्कूटर म्हणजे माझा जीव. हे नको नको म्हणत असताना मी ती घेतली, रंग स्वतः निवडला, मोकळ्या मैदानात दोनदा आपटून शिकले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकटी रस्त्यावर निघाले. माझ्या वयाच्या बायका शेअर रिक्षाची वाट बघत उभ्या असतात, तेव्हा मी त्यांच्यासमोरून भुर्रकन जाते. आणि खोटं कशाला बोलू, मुद्दाम हॉर्न वाजवते.

त्या दिवशी संध्याकाळी शाळेतून येताना नाक्यावर मला उजवीकडे वळायचं होतं. नेहमीप्रमाणे सिग्नल दिला, हॉर्न दिला, देवाचं नाव घेतलं आणि वळले. मागून गलोंड्याच्या कुठल्याशा कंपनीचा टेम्पो येत होता. त्याने करकचून ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहितेय. दचकून मी स्कूटरसकट आडवी झाले. कोपर खरचटलं, दिवा फुटला, आणि टेम्पोतला एक खोका उसळून खाली आला. तो फुटला नि त्यातल्या सुताच्या पांढऱ्याशुभ्र बॉबिनी रस्ताभर गडगडत सुटल्या. लोक मला उचलायच्या आधी बॉबिनी उचलायला धावले.

"मॅडम, पीछे देख के टर्न मारने का ना!" टेम्पोवाला खिडकीतून ओरडला.

"देखा ना मैंने!" मीही ओरडले.

"किधर देखा? आपकी गर्दन तो हिली भी नहीं!"

आता परक्या माणसाने भर नाक्यावर आपल्या मानेबद्दल बोलावं! माझं डोकंच फिरलं. त्याला चार शब्द सुनावायला मी वळले, तर तो माझ्या उजव्या हाताला होता आणि मान काही तिकडे जाईना. शेवटी रस्त्यात उभी राहून पावलांसकट अख्खी फिरले. फिरता फिरताच कळलं की हा माणूस खरं बोलतोय. आरसा होता म्हणा स्कूटरला. पण तो मी माझ्या चेहऱ्याकडे वळवून ठेवलेला असतो, शाळेच्या फाटकात टिकली बघायला.

आमचे हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अतिशय थंड डोक्याचे गृहस्थ. उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. सकाळी मी स्कूटर स्टँडवरून काढायला लागले की हे वळले आत. म्हणे चहा गार होतो. एक दिवस फाटकात उभं राहून हात हलवतील तर शपथ! मी कितीदा बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तू काय लढाईवर निघालीयेस?"

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या कोपराला मलम लावलं, डबी बंद केली, आणि स्कूटरची चावी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"मान वळली की चावी मिळेल."

"आणि नाही वळली तर?"

"दिवाळीच्या सुट्टीत गाडी विकू. शेजारच्या सूनबाई विचारतच होत्या."

मी आकाशपाताळ एक केलं. हे पेपर वाचत राहिले. डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाडं ठीक आहेत असं सांगितलं. स्नायू आखडलेत, हालचाल वाढवा म्हणाले. झालं! ह्यांच्या बाजूला आता डॉक्टरही गेले.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे हे मला स्वतः स्कूटरवरून शाळेत सोडायला लागले. ह्यांचं स्कूटर चालवणं म्हणजे देवाची पालखी. सायकलवाले आम्हाला ओलांडून जायचे आणि वर वळून बघायचे. मागे बसून मी नुसती धुमसायचे. दुसरी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळी परीक्षा. गॅलरीत मी कठडा दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, खांदे हलवायचे नाहीत, आणि फक्त मान वळवून सांगायचं की माझ्या उजव्या खांद्यामागे उभं राहून ह्यांनी हातात काय धरलंय.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कोथिंबीर."

"दिसली?"

"वास आला."

"नापास," हे म्हणाले, आणि जुडी घेऊन आत गेले.

आता मी पडले शिक्षिका. वाकड्या माणसाला सरळ कसं करतात हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत. मी मानेला शिस्त लावायला घेतली. सकाळी उठल्या उठल्या आरशासमोर सावधान! छाती पुढे, खांदे मागे, हनुवटी वर. मोबाइलवर एक गोड आवाजाची मुलगी मान कशी फिरवायची ते दाखवायची. तिच्यापेक्षा माझी मान जास्त फिरली पाहिजे म्हणून मी दात-ओठ खाऊन जोर लावायची. पोळ्या करताना ताठ, भाजी घेताना ताठ, स्कूटरवर ह्यांच्या मागे बसताना तर एवढी ताठ की एका सहकारी शिक्षिकेने विचारलं, "भांडण झालंय का हो घरी?"

आठवडाभराने एका सकाळी मोबाइलसमोर मी असा काही झटका दिला की मानेत कळ आली आणि मान होती तिथेच अडकली. आता उजवीकडेही वळेना आणि डावीकडेही. पुन्हा डॉक्टर, पुन्हा तेच, वर "जबरदस्ती करू नका" हे नवीन. शाळेला रजा टाकली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले.

बातमी शेजारी गेली. शेजारची सूनबाई, चांगली पोरगी बिचारी, वाटीत ढोकळा घेऊन आली. "मासी, अब कैसा लगता है?" असं विचारून झालं, आणि जाताना ती अंगणात थांबली. मी खिडकीतून बघत होते. तिने स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला, मग इकडेतिकडे बघून हळूच बसली, आणि दोन्ही हँडल धरून एकदा तोंडाने भुर्र केलं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हसू नका. रिक्षाची वाट बघणं, कोणीतरी सोडायला येण्याची वाट बघणं, "आज बाजारात जाऊ या का?" असं विचारणं, हे सगळं मी आयुष्यभर केलं होतं. त्या स्कूटरने मला पहिल्यांदा न विचारता निघायला शिकवलं. घरी परतताना वाटेत दमणगंगेच्या पुलाजवळ दहा मिनिटं नुसतं थांबायचं आणि कोणाला सांगायचंही नाही, एवढी साधी चैन. ती गेली की मी पुन्हा वाट बघणाऱ्या बायकांच्या रांगेत. मला भयंकर भीती वाटली.

त्या दुपारी मी जमिनीवर चटई टाकून आडवी झाले. करण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या घरापासून जवळच एक कारखाना आहे, पाळी बदलली की त्याचा भोंगा वाजतो. इतकी वर्षं ऐकतेय, आता तो ऐकूही येत नाही. त्या दिवशी भोंगा झाला आणि माझ्या लक्षात आलं की माझे दात घट्ट मिटलेत. खांदे कानाला टेकलेत. पायाचे अंगठेसुद्धा आवळलेत. अरे देवा! आडवी झालेली बाई, कुठे जायचं नाही, कोणी हाक मारत नाही, स्वयंपाक झालेला, आणि अंगात सगळा संप पुकारल्यासारखा तणाव! मला हसूच आलं. आणि हसले तशी मान जराशी सैल पडली, आपणहून.

तिथून मी एक खेळ सुरू केला. भोंगा झाला की आपण जिथे असू तिथे थांबायचं आणि बघायचं, अंगात कुठे काय आवळलंय. सरळ करायचं नाही, दटावायचं नाही, नुसतं बघायचं. हा न दटावण्याचा भाग मला फार जड गेला, सवय नाही ना. पण गंमत अशी की नुसतं बघितलं तरी खांदा ओशाळल्यासारखा खाली यायचा. मग भोंग्याची वाट न बघता मी मधेमधेही बघायला लागले. पोळी लाटताना मी उजवा खांदा कानाशी नेते. बरणीचं झाकण उघडायच्या आधीच दात आवळते, झाकण सैल असलं तरी. खुर्चीतून उठताना पाय जमिनीवर टेकायच्या आधी मान मागे फेकते, जणू मानेनेच उठायचंय. एक काम, आणि त्यात दहा अवयवांची लुडबूड.

मग मी कुठलीही हालचाल करण्याआधी क्षणभर थांबायला लागले. हात बरणीवर ठेवायचा आणि थांबायचं. दात सोडायचे, श्वास जाऊ द्यायचा, मग उघडायचं. ह्यांनी एकदा मला बरणी धरून शांत उभं राहिलेलं बघितलं आणि विचारलं, "काय विसरलीस?"

"लुडबूड विसरतेय," मी म्हटलं. ह्यांनी काळजीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मान हळूहळू आधीसारखी झाली, म्हणजे डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे ठणठणपाळ. गॅलरीतल्या परीक्षेत मी रोज नापास होत होते. लाटणं, चष्म्याची डबी, नारळ, एकही दिसला नाही. दिवाळी जवळ येत चालली होती आणि शेजारचा ढोकळा वाढत चालला होता.

रजा संपवून शाळेत गेले त्या दिवशी नववीत शिरले तर वर्गात हातघाई चाललेली. खिडकीकडच्या रांगेतल्या एका बाकासाठी चौघं भांडत होते. आमच्या वर्गाची मॉनिटर एक चुणचुणीत मुलगी आहे. आईवडील धुळ्याकडून इथे कंपनीत कामाला आलेले, आणि पोरीच्या जिभेला हाड नाही.

"काय चाललंय? त्या बाकात सोनं पुरलंय का?" मी विचारलं.

"बाई, ती रांग सगळ्यांना पाहिजे राहते," ती म्हणाली. "तिकडं डबा खाता येतो. तुम्ही तिकडं कुठं पाहता! फळ्यावर लिहिता लिहिता तुम्ही कायम इकडंच पाहता." आणि तिने उभ्या उभ्या माझी नक्कल करून दाखवली. उजवा हात वर, अंग फळ्याकडे, आणि तोंड डाव्या खांद्यावरून मागे, घुबडासारखं.

वर्ग खदखदून हसला. मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं, रोज, प्रत्येक तासाला मी अशीच लिहीत आले होते! आम्हा मास्तर-बाईंचा हा धंदाच आहे. हात फळ्यावर आणि डोळे पोरांवर. पाठ फिरवली की विमानं उडतात, हे आम्हाला पहिल्या वर्षीच कळतं. उजवा हात वर असला की उजव्या बाजूने दिसत नाही, म्हणून मान जाते डावीकडे. ती तशीच मुरली. मी शिकवत होते मराठी, आणि माझी मान शिकत होती फक्त डावीकडे बघणं. म्हणजे औषध आरशासमोर नव्हतंच, इथे फळ्यावर होतं.

पण औषध कडू होतं. लिहिताना फळ्याकडेच बघायचं, तोंडासकट. नववीकडे संपूर्ण पाठ! पहिल्या दिवशी मी खडू उचलला, थांबले, दोन्ही पाय जमिनीवर आहेत का बघितलं, दात सोडले आणि फळ्याकडे तोंड केलं. एक ओळ लिहिली. मागे कुजबुज. माझी मान लगेच निघाली डावीकडे. "थांब," मी तिला मनात म्हटलं, आणि या वेळी दटावून नाही, प्रेमाने. कुजबुज वाढली. काहीतरी सटकन भिंतीवर आपटलं. मानेच्या मुळाशी मुंग्या यायला लागल्या. मी ओळ पुरी केली, आधी हात खाली घेतला, श्वास सोडला, आणि मग डोळे, डोळ्यांमागून डोकं, डोक्यामागून अंग असं सावकाश वळले. उजवीकडून.

खिडकीकडच्या रांगेत तीन पोरं, तिघांच्या तोंडात भजी! एकाचं तर अर्धं बाहेर. त्यांचे चेहरे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाई तिकडून उगवतील हे त्यांच्या पंचांगातच नव्हतं. गिळावं का टाकावं, त्यांना समजेना. मी इतकी हसले की रागवायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून खिडकीकडच्या रांगेचा भाव घसरला. मी कधी डावीकडून वळायची, कधी उजवीकडून, पोरांना अंदाज येईना. आणि एक चमत्कार झाला. मी पाठ फिरवून निवांत लिहायला लागले तसा वर्गही थोडा निवांत झाला. अगदी देवळासारखा नाही हो, नववी ती नववीच. पण पूर्वी मी दर शब्दाला मागे बघायची आणि पोरं दर शब्दाला मी कधी बघते याची वाट बघायची. तो खेळच बंद पडला. माझं अक्षरही सुधारलं. साहजिक आहे, इतकी वर्षं मी ते न बघताच काढत होते!

मुख्याध्यापक वर्गात येऊन बसले तेव्हा मात्र सगळं मुसळ केरात गेलं. मी पुन्हा घुबड. घरी येऊन चिडचिड केली, भांडी आपटली. मग भोंगा झाला. हातातलं पातेलं तसंच धरून मी थांबले आणि दात सोडले. उद्या पुन्हा करू म्हटलं. माझ्यासारख्या तापट बाईने हे स्वतःला म्हणणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, ते माझ्या माहेरच्यांना विचारा.

सुट्टीआधी शाळेचा एकच दिवस उरला होता, त्या संध्याकाळी शेजारची सूनबाई नवऱ्याला घेऊन आली. दोघं अंगणात स्कूटरभोवती फिरत होती. हे म्हणाले, "चल, शेवटची परीक्षा." आवाजात नेहमीचाच थंडपणा. मी कठड्याला हात लावले. मनात म्हटलं, झटका दे, कसंही करून वळव. खांदे निघालेच कानाकडे. मी थांबले. एवढी मोठी गोष्ट पणाला लागलेली असताना थांबणं किती अवघड असतं, काय सांगू! खाली सूनबाईने हॉर्न वाजवून बघितला. तरी मी थांबले. दात सोडले. खांदे आपणहून उतरले. मग डोळे उजवीकडे नेले, आणि डोकं त्यांच्या मागोमाग गेलं, गेलं, आणखी थोडं गेलं.

"कारलं!" मी किंचाळले. "अहो, कारलं! कारलं धरलंय तुम्ही!"

कारल्याचा एवढा आनंद जगात कोणाला झाला नसेल. खालची दोघं वर बघायला लागली. ह्यांनी खिशातून चावी काढली, माझ्या हातात ठेवली, आणि कारलं घेऊन आत गेले. सूनबाईला मी वरूनच सांगितलं, "नहीं बेचने की!" पोरीचा चेहरा पडला. सुट्टीत तिला शिकवायला मैदानात नेलं, तेव्हा कुठे खुलली.

पण सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. किती दिवसांनी मी एकटी निघाले होते. स्कूटर स्टँडवरून काढली, तर हे वळले आत. चहा. म्हटलं, आजच्या दिवशीसुद्धा नाही! धन्य आहे! आणि रागारागाने निघाले.

आमची गल्ली लांब, सरळ आहे. तिच्या टोकाला मोठा रस्ता लागतो आणि तिथे मी उजवीकडे वळते. तिथे पोचले, सिग्नल दिला, आणि नवीन सवयीने क्षणभर थांबले. दात सोडले. उजव्या खांद्यावरून मागे बघितलं, टेम्पो वगैरे येतोय का ते पाहायला.

गल्लीत टेम्पो नव्हता. आमच्या फाटकात हे उभे होते. हातात चहाचा कप, पायात चपलासुद्धा नाहीत, माझ्याकडे टक लावून. मी बघतेय हे कळल्यावर पहिल्यांदा ते दचकले. त्या भजीवाल्या पोरांसारखे. मग फाटकाचा खिळा तपासल्यासारखं करायला लागले.

चहा गार होऊ देत हे रोज असे उभे राहत होते, हे त्या दचकण्यातच मला कळलं. रोज मी टोकाशी वळेपर्यंत. आणि मी त्या टोकाशी हॉर्न वाजवून, देवाचं नाव घेऊन, समोर बघत निघून जात होते.

मागून एक रिक्षावाला पों पों करायला लागला. मी त्याला हाताने थांबवलं, आणि फाटकाकडे बघून हात हलवला. ह्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहत नाही ना. मग कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात हलवला.